कॅबिनेट मांडीवर घेऊन अंबाजोगाई ते लातूर

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा, कॉम्प्युटरची मूळ सेटिंग्ज ठेवणारा प्रोग्राम) काही बदललं आणि कॉम्प्युटरचा पडदा काळाच राहिला, तर लातूरला न्यायच्या आधी घरीच मदरबोर्डवरची छोटी बॅटरी काढून बघा. माझा अख्खा दिवस आणि जवळपास ९०० रुपये गेले, म्हणून कळकळीने लिहितोय.

रॅमचा वेग वाढावा म्हणून बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग) चालू केलं. पुन्हा सुरू केलं तर पंखा फिरतोय, पडद्यावर मात्र काहीच नाही. गावात दोघांनी सांगितलं, लातूरलाच न्या. सकाळची एसटी धरली, बर्दापूरनंतर बसायला जागा मिळाली. प्रवासाची तक्रार नाही.

तक्रार आहे ती गंजगोलाईतल्या पहिल्या दुकानाची. तपासणीचे ३०० आधी घेतले आणि झाकण न उघडताच सांगितलं, "मदरबोर्ड गेला, साडेचार हजार लागतील." काय तपासलं विचारलं तर उत्तर नाही. पैसे परत मागितले, तेही नाहीत. झाकण न खोलता बोर्ड गेला म्हणणाऱ्याकडून त्याच क्षणी कॅबिनेट उचला. घासाघीस करत बसू नका, मी अर्धा तास घालवला.

पुढच्या गल्लीत एका पोरानं विजेची वायर काढली, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरलं (आत साठलेली वीज उतरते), नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरी काढली आणि चहा सांगितला. चहा संपल्यावर बॅटरी बसवली, पडदा उजळला! बायोसचं सेटिंग आणि घड्याळ या बॅटरीवर टिकतं, ती काढली की सगळं सेटिंग कंपनीतून आलं तसं. त्यानं १५० घेतले आणि मला ते अजिबात खटकले नाहीत.

हे घरी जमतं. वायर काढल्याशिवाय आत हात घालायचा नाही, एवढं पाळा. बॅटरी ३ व्होल्टची असते, जुनी झाली असेल तर घड्याळवाल्याकडेही मिळते. बायोस उघडत असेल तर खोलायचीही गरज नाही: सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबा, मग 'लोड डिफॉल्ट्स' (मूळ सेटिंग परत आणा), मग सेव्ह. लॅपटॉपच्या बायोसचा पासवर्ड मात्र बहुतेक वेळा बॅटरी काढून जात नाही.

घरी आल्यावर आणखी एक दणका बसला. विंडोजचा निळा पडदा! डिफॉल्टमध्ये साटा मोड (डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणारं सेटिंग) बदलला होता. पूर्वी होता तो मोड परत ठेवला आणि विंडोज सुरू झालं. म्हणून आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा आकडा) कागदावर लिहून ठेवा, नाहीतर अडकाल. तारीखही दुरुस्त करा. ती चुकीची असली की सरकारी पोर्टल सर्टिफिकेटची चूक दाखवून उघडतच नाही.