आपलं कोणी आहे का?

1 जुलै 2016च्या रात्री ढाक्यातल्या होली आर्टिझन बेकरीत बंदूकधारी घुसले, शनिवारी सकाळी कमांडोंनी कारवाई केली. मी आमच्या वृत्तपत्राच्या परदेश डेस्कवर पोहोचले तोवर 20 ओलीस मारले गेल्याचं स्पष्ट झालं होतं. मुख्य उपसंपादकांचा पहिला प्रश्न, "आपलं कोणी आहे का?" ऐकायला रूक्ष वाटतो, पण परदेशातल्या मृत्यूंची बातमी आली की कुठल्याही देशातल्या डेस्कवर हाच प्रश्न आधी विचारतात. बातमी कुठल्या पानावर जाणार, ते त्यावर ठरतं.

तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्या ट्विटमधून कळलं, एक भारतीय तरुणी होती. आमचा मथळा तिच्यावर झाला. बाकीचे 19 जण आकड्यात मावले.

पान छपाईला सोडायला वेळ होता, म्हणून बाहेरच्या वृत्तपत्रांची संकेतस्थळं चाळत बसले. इटलीचे 9 जण गेले होते. तिथे प्रत्येकाचं नाव, फोटो, गाव, तयार कपड्यांच्या व्यवसायातली त्यांची कामं, सगळं होतं. जपानचे 7 जण जायका या जपानी सरकारी मदत संस्थेच्या प्रकल्पावर काम करणारे, पण त्यांच्या सरकारने नावं लगेच जाहीर केली नव्हती. ढाक्यात शुक्रवारी रात्रीच दोन पोलीस अधिकारी मारले गेले होते. तिथे ती मोठी बातमी होती, आमच्या कॉपीत ते शेवटच्या परिच्छेदात होते. जागा कमी पडली असती तर तेवढंच कापलं गेलं असतं.

मला सगळ्यात खटकला तो मात्र यापैकी कुठल्याच यादीत नसलेला माणूस. हल्लेखोर म्हणून पोलिसांनी दिलेल्या मृतांच्या फोटोंत एकाच्या अंगावर स्वयंपाक्याचा पांढरा पोशाख होता. तो तिथला पिझ्झा करणारा कामगार, तो निर्दोष आहे, असं त्याचे घरचे सांगत होते. त्याच्यासाठी विचारणा करणारा परका दूतावास नव्हता आणि मायदेशातही तो संशयित ठरला होता. त्याच्यावर वेगळी चौकट करू म्हटलं, तर "आपल्या वाचकाला त्याचं काय?" असं उत्तर मिळालं. उत्तर चुकीचं होतं असं मला आजही वाटतं, पण डेडलाइन जवळ आली होती, वाद घालायला वेळ नव्हता.

रविवारी बगदाद. मध्यरात्रीनंतर कर्रादा भागात ट्रकबॉम्ब फुटला होता. ईदच्या खरेदीची गर्दी, दुकानांना आग. मृतांचा आकडा ढाक्याच्या कितीतरी पुढे होता आणि तासातासाला चढत होता. पुन्हा तोच प्रश्न. भारतीय कोणी नव्हतं. आतल्या पानावर दोन कॉलम मिळाले, तेही ढाक्याच्या पाठपुराव्याखाली. इराकमध्ये स्फोट नेहमीचेच, असं कोणीतरी म्हणालं. 'नेहमीचं' हे मला तर जागा वाढवायचं कारण वाटतं.

पुढे तिथला आकडा 300च्या वर गेला. ती बातमी आम्ही संक्षिप्तमध्ये घेतली.