पासबुक

संध्याकाळी काकू पेढे घेऊन आल्या. स्टीलचा डबा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. म्हणाल्या, "वाच रे जरा, मला बारीक दिसत नाही." एन्ट्री नेमकी पिनेजवळ छापलेली. मी आकडा वाचला. मग परत वाचला. दुसऱ्यांदा काही त्यांच्यासाठी नव्हता वाचला.

हेवा वाटला मला. ऐंशीच्या बाईचा.

काकांची मिल, इंदूरची हुकुमचंद, बंद पडली १२ डिसेंबर १९९१ ला. कामगार ५,८९५. त्यांच्या थकलेल्या पैशांचा २२४ कोटींचा चेक निघाला २५ डिसेंबर २०२३ ला, तोही मिलची जमीन हाउसिंग बोर्डाने घेतली तेव्हा. बत्तीस वर्षं! पैसे वारसाच्या खात्यात जमा झाले, वारस म्हणजे काकू. एवढं सगळं कळतं मला. तरी हेवा वाटलाच.

काका दर रविवारी मिलच्या गेटवर मीटिंगला जायचे. पाऊस असो, घरात पाहुणे असोत. बाबा ओट्यावरून हटकायचे, "काय भिया, मिळाले का?" काका हसून सायकलवर टांग टाकायचे. बाबांची मिल वेगळी. बाबांनी समोर आलेल्या कागदावर सही केली, हातात पडलं तेवढं घेतलं आणि मोकळे झाले. मोकळे म्हणजे... जाऊ दे. त्या दोन वर्षांबद्दल घरात कोणी बोलत नाही.

रात्री झोप नाही. बाबा थांबले असते तर? ती सही केली नसती तर? छताकडे बघत व्याजासकट हिशेब मांडला. चांगली रक्कम निघाली. आणि मग त्या सहीच्या पैशांचं काय झालं ते आठवलं. त्यातून माझ्या कॉम्प्युटर क्लासची फी भरली होती. पूर्ण, एकरकमी. त्याच जोरावर आज एसीत बसून लोकांची पासबुकं मनाला लावून घ्यायला मला फुरसत मिळते. बाबांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. थोडं तरी दाखवायचं होतं.

सकाळी आईने पेढा अर्धा खाल्ला. "साखर जास्त झालीये," म्हणाली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! नंतर उरलेला अर्धाही तिनेच खाल्ला.

डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून त्यात लवंगी सेव भरून ठेवलीये. नेऊन मलाच द्यायचाय.