बाहेरची गाडी आणि बीजिंगचे ८४ दिवस

एमएच-११ नंबरची गाडी कात्रज ओलांडून पुण्यात शिरते, तेव्हा "यंदाची ही कितवी खेप?" असं कुणी विचारत नाही. बीजिंगमध्ये नेमकी हीच मोजदाद होते.

तिथं बाहेरच्या पासिंगच्या गाडीला प्रवेश परवाना लागतो. चिनीत त्याला जिन-जिंग-झंग म्हणतात. १ नोव्हेंबर २०१९ पासून एका गाडीला वर्षात १२ परवाने मिळतात, प्रत्येक फार तर ७ दिवसांचा. गुणाकार केला की ८४ दिवस. पण हा आकडा फसवा आहे. एका दिवसाचं काम करून परतलात तरी बारातला एक परवाना संपला, उरलेले सहा दिवस शिलकीत पडत नाहीत. महिन्यातून एकदाच जाणाऱ्याच्या वाट्याला ८४ नाही, १२ दिवसच येतात. म्हणून जाणते लोक चार कामं एका आठवड्यात बसवतात.

ही मर्यादा सहाव्या रिंगरोडच्या आत आणि थोंगझोउ जिल्ह्यात आहे. हा रिंगरोड सुमारे १८७ किलोमीटरचा, म्हणजे 'शहराच्या आत' याचा अर्थ चांगलाच ऐसपैस. रिंगच्या बाहेरच फिरायचं असेल तर वेगळा परवाना आहे, त्याला वर्षाचा कोटा नाही. अर्ज वाहतूक पोलिसांच्या ॲपवर करायचा. गाडीची कागदपत्रं, वाहन तपासणी आणि सक्तीचा विमा चालू हवा. इलेक्ट्रिक गाडीलाही सूट नाही.

एवढा जाच कशासाठी? बीजिंगचा नंबर २०११ पासून सोडतीनं मिळतो. नशीब लागेना म्हणून लोकांनी शेजारच्या हबेई प्रांतात पासिंग केलं आणि सात-सात दिवसांचे परवाने काढत वर्षभर गाडी राजधानीतच ठेवली. पासिंग एका गावचं, गाडी कायम दुसऱ्या गावात, हे आपल्याकडंही नवं नाही. २०१९ च्या मर्यादेनं तीच वाट बुजवली.

परवाना मिळाला म्हणजे सुटलो, असं समजणारेच जास्त अडकतात. वेळेचं बंधन वेगळं आहे. कामाच्या दिवशी सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ८ पाचव्या रिंगरोडवर आणि त्याच्या आत बाहेरची गाडी चालवायची नाही. मधल्या ९ ते ५ मध्ये शेवटच्या अंकाचा नियम: १ आणि ६, २ आणि ७, ३ आणि ८, ४ आणि ९, ५ आणि ० अशा जोड्या, एकेका जोडीला आठवड्यातला एक दिवस बंदी. नंबरच्या शेवटी अक्षर असेल तर ते शून्य धरतात. कोणत्या जोडीला कोणता वार, हे दर १३ आठवड्यांनी फिरतं. मागच्या खेपेची आठवण इथंच दगा देते, कारण तेव्हा तुमचा सोमवार असेल तर आता मंगळवार असू शकतो. शनिवार-रविवारी अंकाची कटकट नाही, परवाना मात्र लागतोच. चुकलात तर कॅमेरा टिपतो, दंड १०० युआन.

सातारा-सांगलीहून जाणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. आपल्या आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट चीनमध्ये चालत नाही. तिथला तात्पुरता परवाना काढावा लागतो, त्याची मुदत जास्तीत जास्त ३ महिने. दुसरं, भाड्याची गाडी घेताना पाटीवरचं पहिलं अक्षर बघा. बीजिंगच्या गाडीवर 'जिंग' असतं. तियानजिनमध्ये घेतलेल्या गाडीवर 'जिन' असतं, आणि ती बीजिंगच्या दृष्टीनं बाहेरचीच.

तियानजिन ते बीजिंग अंतर साधारण सातारा-पुण्याएवढं. रेल्वेनं अर्ध्या तासात पोहोचता येतं. तरी गाडीनंच जायचं असेल तर पाचव्या रिंगला ९ नंतर पोहोचाल असे निघा आणि ५ च्या आत बाहेर पडा. ५ वाजून गेले तर गाडी आहे तिथंच पार्किंगमध्ये राहू द्या आणि रात्री ८ नंतर काढा.