दूध नासवतात कशानं?

पहिल्या रात्रीचं जेवण फसलं, आणि त्यात चूक माझीच होती. मी नऊ वर्षं म्युनिकला राहते, इटलीत चार-पाच वेळा जाऊन आलेय, त्यामुळे ‘रोममधलं सगळं माझ्यावर सोडा’ असं आई-बाबांना मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं. एप्रिलचे पाच दिवस. राहायला त्रास्तेवेरे, म्हणजे तिबेर नदीच्या पलीकडच्या काठावरची जुनी वस्ती. नावाचा अर्थच ‘तिबेरपलीकडे’. सान कोसिमातो चौकापासून दोन मिनिटांवर स्वयंपाकघर असलेलं छोटं घर भाड्यानं घेतलं होतं. मंडळी तीन : आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही, बाबा साताऱ्याचे, घरात सोवळे आणि उंबरठा ओलांडला की सगळं चालणारे, आणि मधल्यामध्ये मी.

संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. आईला भूक लागली होती. सांता मारिया चर्चच्या आसपास एका हॉटेलाच्या दारात मेनूकार्ड घेऊन उभा असलेला माणूस आम्हाला पाहून ‘नमस्ते! इंडिया!’ म्हणाला. सहा भाषांतला मेनू, प्रत्येक पदार्थाचा फोटो. आईला फोटो पाहून बरं वाटलं, काय येणार ते आधी दिसतं म्हणून. भाज्यांचा पास्ता मागवला. आला तो सायीच्या गिचक्यात बुडालेला मटार-गाजर, आणि त्यात गुलाबी बारीक तुकडे. वेटरला विचारलं, तर तो मनापासून गोंधळला. म्हणाला, यात कार्ने कुठंय, हे तर प्रोश्शुत्तो आहे! मांस नाही, हॅम आहे. त्याच्या हिशेबात ते वेगळं होतं. आईनं ताटली हलकेच बाबांकडे सरकवली, पाव खाल्ला आणि घरी आल्यावर पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. बोलली काहीच नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

बिलावर ‘पाने’ म्हणून माणशी अडीच युरो लावले होते. पाने म्हणजे पाव. इटलीत इतरत्र बसण्याचे पैसे म्हणून ‘कोपेर्तो’ लावतात. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे तिथं 2006च्या कायद्यानं त्यावर बंदी आहे, पण पावाचे पैसे घेता येतात. म्हणून ही पावाची टोपली न मागता येते. नको असेल तर आल्या आल्या परत करायची. हे मला माहीत होतं. भुकेल्या आईसमोर आठवलं नाही.

रात्री झोप लागेना तेव्हा लक्षात आलं, की मी हॉटेल शोधत होते आणि शोधायला हवी होती वेळ. सव्वासहाला रोममध्ये कुणीही जेवत नाही. त्या वेळी ज्याची चूल पेटलेली असते तो परक्यांसाठीच पेटवून बसलेला असतो. घरगुती खानावळी, त्यांना त्रात्तोरिया म्हणतात, दुपारी साडेबारा ते तीन आणि मग थेट संध्याकाळी साडेसात. स्थानिक लोक आठ-साडेआठला येतात. मधल्या वेळेत पोटाला आधार म्हणून बेकरी असते, तिला फोर्नो म्हणायचं. तिथं लांबलचक पिझ्झा कात्रीनं किंवा सुरीनं कापून वजनावर विकतात. ‘एत्तो’ म्हणजे शंभर ग्रॅम. टोमॅटो फासलेला, चीज नसलेला ‘पिझ्झा रोस्सा’ आईला इतका आवडला की पुढचे चार दिवस पाच वाजता तिचा चहा आणि त्याच्याबरोबर दोन एत्तो पिझ्झा ठरून गेला. चहाची पूड अर्थात पुण्याहून आलेली.

दुसरी गोष्ट म्हणजे रस्ता. त्रास्तेवेरेच्या मधून एक मोठा रस्ता जातो, ज्यावरून आठ नंबरची ट्राम धावते. आपण पर्यटक सगळे त्याच्या एका बाजूला, सांता मारियाच्या भोवती घोटाळतो. ट्रामचे रूळ ओलांडून सांता चेचिलिया चर्चच्या बाजूला गेलं की गल्ल्या एकदम शांत. वाळत घातलेले कपडे, रंग उडालेल्या भिंती, दारात खुर्ची टाकून बसलेली आजी. तिकडे व्हिया देल्ला लूचे या गल्लीत इन्नोचेंती नावाची जुनी बिस्किटांची भट्टी आहे. बाबांनी तिथून कागदी पुड्यात घेतलेली बिस्किटं आमच्या घरी पोचलीच नाहीत, वाटेतच संपली. त्याच बाजूला दा एन्झो नावाची खानावळ, तिच्यापुढची रांग पाहून बाबा म्हणाले, ‘बेडेकर मिसळीसमोर उभं राहायला काय वाईट होतं मग?’ रांगेत आम्ही राहिलो नाही. दोन गल्ल्या पलीकडे हातानं लिहिलेला एकपानी मेनू दिसला, फक्त इटालियनमध्ये. चार पास्ते, चार-पाच मुख्य पदार्थ, खाली भाज्या. आत शिरलो.

इथं मी एक मंत्र तयार केला होता आणि मारुतिस्तोत्रासारखा पाठ केला होता : सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा प्रोश्शुत्तो, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा अलीची, सेन्त्सा ऊओवा. मांस नको, हॅम नको, मासे नको, ते चिमुकले खारवलेले अलीची मासे नकोत, अंडं नको. अलीचींचं नाव वेगळं घ्यावंच लागतं, कारण रोममध्ये ते कुठंही लपलेले असतात. पुंतारेल्ले नावाची कुरकुरीत पालेदार कोशिंबीर असते, तिच्या फोडणीवजा रसात वाटलेले अलीची. भोपळ्याची फुलं पिठात बुडवून तळतात, तर त्यांच्या पोटात मोझारेल्लाबरोबर एक अलीची. आई म्हणाली, ‘अगं, भोपळ्याच्या फुलांची भजी माझी आजी करायची. समुद्रकाठी राहून तिनं कधी मासा भरला नाही, आणि हे लोक भरतात?’ आईचं माहेर अलिबागजवळचं. खानावळीतल्या बाईंनी मासा वगळून चार फुलं तळून दिली.

खरा शोध लागला तो पानाच्या तळाशी. इटालियन मेनूत शेवटी ‘कोन्तोर्नी’ लिहिलेलं असतं, म्हणजे तोंडीलावणं. परदेशी माणूस तिथवर वाचतच नाही. आईचं जेवण मात्र सगळं तिथंच होतं. चिकोरिया रिपास्साता : कडसर पालेभाजी उकडून, पिळून, मग तेलात लसूण आणि सुकी मिरची घालून परतलेली. आईनं पहिला घास घेतला आणि मान वर करून म्हणाली, ‘ही तर परतलेली भाजी आहे गं. नुसती भाकरी हवी.’ त्यानंतर कार्चोफी आला रोमाना. कार्चोफी म्हणजे आर्टिचोक, कमळाच्या कळीसारखी दिसणारी भाजी. रोमभोवती पिकणारी जात गोल, काटे नसलेली, आणि तिचा हंगाम वसंतातला, म्हणजे आम्ही अगदी वेळेवर होतो. लसूण आणि रानपुदिना आत भरून, देठ वर करून ती तेल-पाण्यात मंद शिजवतात. लोण्यासारखी मऊ. मी मनातल्या मनात पहिल्या रात्रीच्या अपराधातून सुटले.

पास्त्याचं मात्र जरा जपून. रोमचे चार पास्ते प्रसिद्ध : काचो ए पेपे, ग्रिचा, अमात्रिचाना आणि कार्बोनारा. शेवटच्या तिन्हींत डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. उरला काचो ए पेपे, म्हणजे पेकोरिनो चीज आणि मिरपूड, बस्स. पण तो बरेचदा तोन्नारेल्लीवर देतात, आणि त्या ताज्या शेवयांत अंडं असतं. ‘स्पागेत्ती’ मागायचं, ते वाळवलेलं, रवा आणि पाण्याचं. बाईंनी तसं करून दिलं. आई खूश होती. मी गप्प होते, त्याचं कारण पुढे येतं.

शनिवारी बाबांची पाळी. खानावळीच्या दारात खडूनं ‘त्रिप्पा’ लिहिलं होतं. रोममध्ये जुना पाठ आहे : गुरुवारी न्योक्की (बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे), शुक्रवारी मासे, शनिवारी त्रिप्पा. मी मोबाइलवर फोटो दाखवला तर बाबांचा चेहरा उजळला. ‘अगं ही वजडी!’ टोमॅटोच्या रश्श्यात, वर पुदिना आणि किसलेलं पेकोरिनो. मी त्यांना सांगितलं, की नदीच्या समोरच्या काठाला, जरा खाली, तेस्ताच्चोत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा कत्तलखाना झाला, तो 1975 साली बंद पडला. चांगलं मांस श्रीमंतांकडे जायचं, आतडी-काळीज कामगारांच्या वाट्याला. त्याला ते ‘पाचवा चतकोर’ म्हणतात. बाबा पावानं ताटली पुसत म्हणाले, ‘सगळीकडं वाटण्या तशाच. पण ह्यांना वाटण जमत नाही. आलं-खोबरं पाहिजे होतं.’ आई तोवर समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती.

त्याच्या आदल्या दिवशी आम्ही नदी ओलांडून जुन्या ज्यू वस्तीत गेलो होतो. मधल्या बेटावरून जाणारा फाब्रिचो पूल इसवीसनापूर्वी 62 सालचा, अजून वापरात आहे. 1555 साली पोपच्या हुकमानं रोममधल्या ज्यूंना इथं भिंतीच्या आत कोंडलं, आणि ते निर्बंध पूर्ण गेले 1870 साली. गरिबीत जे मिळेल त्यातून त्यांनी जे पदार्थ केले त्यातला एक म्हणजे कार्चोफी आला जुदिया. आर्टिचोक अख्खं दोनदा तळतात, पाकळ्या उमलून शेवंतीसारख्या कुरकुरीत होतात. मला इथं यायचं कारण वेगळं होतं. ज्यूंच्या आहाराच्या नियमांत, म्हणजे कोशरमध्ये, दूध आणि मांस एकत्र चालत नाही, त्यामुळे काही हॉटेलं फक्त दुधाची असतात, त्यांच्या मुदपाकखान्यात मांस येतच नाही. शाकाहारी माणसानं इटलीत हे ध्यानात ठेवावं. मासा असू शकतो, तेवढं विचारायचं. आई म्हणाली, ‘बरं झालं आज दुपारीच आलो. संध्याकाळपासून उद्या रात्रीपर्यंत बंद ठेवतील हे.’ तिला कसं कळलं म्हणून मी बघत राहिले. ‘आमच्याकडे शनिवारतेली होते की. शनिवारी घाणा बंद.’ अलिबाग-रेवदंड्याच्या बेने इस्रायल ज्यूंची आठवण तिला त्या वस्तीतल्या पोर्तिको द’ओत्ताव्हियाच्या प्राचीन खांबांखाली झाली. तिनं दोन आर्टिचोक एकटीनं संपवले.

आता ते गप्प राहण्याचं कारण. शनिवारी सकाळी सान कोसिमातो चौकातल्या बाजारात आम्ही भाजी बघत हिंडत होतो. चीजच्या गाडीपाशी आई थांबली. तिथं काळ्या सालीचं पेकोरिनोचं मोठं चाक होतं. ती घरी पनीर करते, गाय व्याली की कुणाकडून तरी चीक मिळवून खरवस करते, तेव्हा प्रश्न साहजिक होता. ‘विचार ना त्याला, हे दूध नासवतात कशानं? लिंबानं?’

मला उत्तर माहीत होतं. पेकोरिनो रोमानो कोकराच्या पोटातल्या रेनेटनंच, म्हणजे दूध नासवणाऱ्या विरजणवजा पदार्थानंच, करावं लागतं, तसा नियमच आहे. पार्मेझानला वासराचं. पुण्यात पिझ्झावरच्या चीजच्या पाकिटाला हिरवा ठिपका असतो, म्युनिकमध्ये मी पाकीट वाचून सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं आणते, म्हणून घरात हा प्रश्न कधी आला नव्हता. रोममध्ये मी तो येऊ दिला नव्हता. आई खूश होती ना, मग कशाला, असं मी स्वतःला सांगत होते.

गाडीवाल्याला विचारण्याचं नाटक करता आलं असतं. केलं नाही. सांगून टाकलं.

आई थोडा वेळ चाकाकडे बघत राहिली. ‘म्हणजे परवा मी खाल्लं ते?’

‘हो.’

‘तुला ठाऊक होतं.’

‘हो.’

बाबा एकदम टोमॅटोंच्या गाडीकडे गेले. आई म्हणाली, ‘परवा मला माहीत नव्हतं. आज माहीत आहे. पुढच्या वेळी मला आधी सांगायचं, मी काय खायचं ते मी ठरवीन.’ आणि पर्सचा बंद खांद्यावर नीट करून ती पुढे निघाली.

गाडीवाला आमच्या तोंडाकडे बघत होता. त्याला काय वाटलं कोण जाणे, किमतीवरून भांडण झालं असं वाटलं असेल. मी मोडक्या इटालियनमध्ये सांगितलं, मम्मा शाकाहारी, कोकराचं नको. तो ‘आ!’ म्हणाला, मागं वळला आणि कागदात गुंडाळलेली एक चपटी, पिवळसर चौकोनी वडी काढली. काचोफ्योरे. काल्यो वेजेताले, वनस्पतीचं रेनेट. मग त्यानं शेजारच्या भाजीच्या गाडीवरचा एक आर्टिचोक उचलून त्याच्या टोकाकडे बोट दाखवलं. मला समजायला वेळ लागला. आर्टिचोकच्या आणि त्याच्या जातीच्या रानकाटेरी झाडाच्या फुलांचे तंतू पाण्यात भिजवून त्या पाण्यानं मेंढीचं दूध नासवतात. रोमच्या आसपासची ही फार जुनी पद्धत.

मी आईला हाक मारली. ती परत आली. मी भाषांतर करत गेले, ती आर्टिचोककडे बघत गेली.

‘ज्याची भाजी खाल्ली त्याचंच फूल?’

‘हो.’

‘पुन्हा एकदा विचार त्याला. नीट विचार.’

मी पुन्हा विचारलं. त्यानं छातीवर हात ठेवून पुन्हा तेच सांगितलं आणि सुरीच्या टोकावर एक तुकडा पुढे केला. पेकोरिनोच्या मानानं महाग होतं, पण त्या क्षणी भाव करण्याची माझी छाती नव्हती. आईनं तुकडा तोंडात घातला, डोळे बारीक केले.

‘जरा कडसर आहे,’ ती म्हणाली. ‘मेथीसारखं. दे म्हणावं दोन एत्तो.’