बॉस्टनचा तिसरा खांब

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत शिरलं की डाव्या हाताला काचेचं एक कपाट लागतं. दर महिन्याला ते गावातल्या कुणाला ना कुणाला मांडणीसाठी देतात. कधी कुणाच्या आजोबांचे जुने कॅमेरे, कधी हाताने शिवलेल्या गोधड्या. यंदा आमच्या मराठी मंडळाने सप्टेंबर मागितला, गणपतीसाठी. चार दिवसांत नकार आला: सार्वजनिक लायब्ररीला धार्मिक मूर्ती मांडता येत नाही.

मंडळात लगेच दोन तट. एक काका म्हणाले, "सरकारी जागा आहे, बरोबरच आहे त्यांचं." एक वहिनी उसळल्या, "मग डिसेंबरात तिथेच ख्रिसमसचं झाड उभं असतं, ते कसं चालतं?" दोघांचंही अर्धं अर्धं खरं होतं. ते कळायला मला महिना लागला, आणि सुरुवात झाली बॉस्टनच्या सिटी हॉलसमोर.

काँक्रीटच्या त्या अवाढव्य इमारतीपुढे तीन ध्वजस्तंभ आहेत, प्रत्येक साधारण ८३ फूट उंच. एकावर देशाचा झेंडा, दुसऱ्यावर राज्याचा, तिसऱ्यावर शहराचा. हा तिसरा खांब शहर नागरिकांनाही द्यायचं: तुमचा कार्यक्रम करा, तासभर तुमचा झेंडा लावा. २००५ ते २०१७ मध्ये असे २८४ सोहळे झाले, सुमारे ५० निरनिराळे झेंडे चढले, एकालाही नकार नव्हता. २०१७ मध्ये हॅरॉल्ड शर्टलेफ नावाच्या गृहस्थांनी ख्रिस्ती झेंडा लावायची परवानगी मागितली आणि शहर बिचकलं. सरकारी खांबावर धर्माचा झेंडा म्हणजे राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा भंग, असं शहराला वाटलं.

ही पहिली दुरुस्ती १७९१ ची. सरकारने कुठला धर्म अधिकृत करू नये, कुणाला धर्म पाळण्यापासून अडवू नये आणि कुणाचं तोंड बंद करू नये, हे सगळं तिच्या एकाच वाक्यात आहे. वाक्य एक, पण त्याची दोन टोकं अधूनमधून एकमेकांना भिडतात. बॉस्टनमध्ये तेच झालं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०२२ मध्ये नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी शहराच्या विरुद्ध निकाल दिला. न्या. ब्रायर यांनी निकालपत्रात धर्माच्याही आधी एक प्रश्न सोडवला: या खांबावरून बोलतंय कोण, शहर की नागरिक? त्यासाठी त्यांनी तीन गोष्टी पाहिल्या. अशा खांबांची पूर्वपीठिका काय, बघणाऱ्याला काय वाटतं, आणि काय फडकावं यावर शहराचा ताबा किती होता. पहिल्या दोन गोष्टींनी कौल स्पष्ट होईना. तिसरीत शहराची बाजू कोसळली, कारण शहराच्या अधिकाऱ्यांनी आधी कधी झेंडे तपासलेच नव्हते. म्हणजे बोलत होते नागरिक. मग एकालाच, तेही धार्मिक म्हणून, गप्प बसवणं हा भाषणस्वातंत्र्याचा भंग. ऑगस्टमध्ये तो झेंडा चढला. पुढे शहराने नियमच बदलले: तिसऱ्या खांबावर काय लावायचं ते आता महापौर किंवा नगर परिषद ठरवते.

गंमत म्हणजे अशा सोहळ्यांसाठी जो उतरवायचा, त्या बॉस्टनच्या स्वतःच्या झेंड्यावर एक लॅटिन ओळ आहे: पूर्वजांच्या पाठीशी होता तसा देव आमच्याही पाठीशी राहो.

बोलणारं सरकारच असेल, तर कसोटी वेगळी. १९७१ च्या एका खटल्यापासून गाजलेली सर्वोच्च न्यायालयाची 'लेमन कसोटी' तीन प्रश्न विचारायची: हेतू ऐहिक आहे का, धर्माला उत्तेजन किंवा अडथळा होतो का, सरकार धर्मात फार गुंतत नाही ना. (लेमन हे दावा लावणाऱ्याचं आडनाव, लिंबू-मिरचीशी संबंध नाही.) आमच्यापासून तासाभरावर ऱ्होड आयलंडमध्ये पॉटकेट गाव आहे. तिथल्या नाताळच्या मांडणीत गावाच्या मालकीचा येशूजन्माचा देखावा होता. शेजारी सांताचं घर, रेनडिअर, विदूषक, हत्ती आणि टेडी बेअर. १९८४ मध्ये न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी चालवून घेतला. पाच वर्षांनी पिट्सबर्गला कोर्टाच्या जिन्यावर तसाच देखावा एकटा होता, तो नापास झाला. लोक थट्टेने याला 'रेनडिअरचा नियम' म्हणतात. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तरही पिट्सबर्गच्या निकालात मिळतं: न्यायालयाच्या लेखी ते झाड सणाचं आहे, धर्माचं नाही. वहिनींना अजून पटलेलं नाही.

ही कसोटी कुणालाच धड आवडली नाही. न्या. स्कालिया यांनी तर तिला पुरलं तरी थडग्यातून उठून येणाऱ्या भुताची उपमा दिली होती. जून २०२२ मध्ये, मैदानावर प्रार्थना करणाऱ्या एका शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या खटल्यात, न्यायालयाने तिला रजा दिली आणि इतिहास व परंपरा पाहायला सांगितलं. मला मात्र भूतच बरं वाटत होतं. परंपरा कुणाची? १७९१ मध्ये इथे आपली माणसं होती कुठे? आणि याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली ख्रिसमस साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, हाही इतिहासच की.

आपली भारताची घटना २८व्या कलमात वेगळंच विचारते: पैसा कुणाचा? शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालत असेल, तर तिथे धर्मशिक्षण नाही. बाबांच्या सरकारी कचेरीत मात्र दरवर्षी सत्यनारायण असायचा. वर्गणी सगळ्यांची, पूजेला साहेब सपत्नीक. लहानपणी प्रसादाचा शिरा खाताना ही पूजा सरकारची की साहेबांची, हे मला कधी सुचलं नाही. बाकीच्यांनीही कधी विचारल्याचं आठवत नाही.

तर, लायब्ररीला आम्ही साधं पत्र लिहिलं. कपाट गावातल्या सगळ्यांना देता, काय मांडायचं ते ज्याचं तो ठरवतो, मग बोलणार आम्ही, तुम्ही नाही. गावच्या वकिलांनी तीन आठवडे घेतले आणि होकार कळवला. अट एकच: खाली कार्ड हवं, 'ही मांडणी मंडळाची आहे, लायब्ररीची नाही.'

शाडूचा वीतभर गणपती बसला. मोदकांना मात्र परवानगी मिळाली नाही. कपाटात खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत, मुंग्या येतात. हा नियम सगळ्या धर्मांना सारखाच आहे, असं ग्रंथपाल बाईंनी हसत सांगितलं. घरून लोकरीचे विणलेले एकवीस मोदक आले.

ऑक्टोबरमध्ये कपाट गावातल्या नास्तिक मंडळींना मिळालं. काका बघून आले आणि जरा घुश्शातच म्हणाले, "अहो, कार्ड तेच आहे, फक्त नाव बदललंय."