मसाज शिकणाऱ्यालाही परमिट? असू दे की

आमच्या वाड्यावरची एक मुलगी गेल्या सीझनला कळंगुटच्या बाजूला एका स्पामध्ये लागली. ट्रेनिंग काय, तर तिथल्याच सीनियरने थोडे दिवस हात कसा फिरवायचा ते दाखवलं आणि भिंतीवर कुठल्याशा अकॅडमीचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट लागलं, झाली थेरपिस्ट! आपल्या गोव्यात पार्लरला परवाना लागतो, पोलिसांची रेड पडली की तो कागद बघतात, क्रॉस मसाज (बाईने पुरुषाला किंवा पुरुषाने बाईला) चालतो का ते बघतात, पण हिला शिकवलं कोणी हे मात्र कोणी विचारत नाही.

मावसभावाच्या बायकोने टेक्सासमध्ये मसाज स्कूलला नाव घातलं तेव्हा तिकडचा प्रकार कळला. तिथे लायसन्सिंगचं सरकारी खातंच शाळांनाही लायसन्स देतं, आणि २०१९ च्या कायद्यापासून विद्यार्थ्यालाही स्टुडंट परमिट काढावं लागतं. कोर्स कमीत कमी ५०० तासांचा, त्यातले २०० तास नुसते मसाजच्या पद्धतींचे (स्वीडिशच १२५ तास!), शिवाय शरीरशास्त्र, स्वच्छता, कायदा, आणि शेवटी ५० तास इंटर्नशिप. मग परीक्षा. मला आधी वाटलं काय हा जाच, तेल लावायला एवढं? पण मानेवर किंवा पोटरीवर नको तिथे दाबलं तर काय होतं ते एखाद्या फिजिओला विचारा. पोटरीत रक्ताची गाठ असेल तर मसाज करायचाच नसतो, हे त्या मुलीला कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

परमिटमागे कौशल्यापेक्षा दुसरं कारण मोठं आहे म्हणा. मसाजच्या नावाखाली बायकांची तस्करी होते, आणि तास न भरताच सर्टिफिकेट देणाऱ्या शाळा त्याला हातभार लावतात. पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याचं नाव सरकारी रेकॉर्डवर असलं की नंतर खोटे तास दाखवणं कठीण जातं. आपल्या किनारपट्टीला हे जास्तच लागू पडतं की.

आता कोणी म्हणेल, गोव्यात आणखी एक परमिट म्हणजे आणखी एक खिडकी, आणखी एक ‘उद्या या’. खरं आहे ते, आणि त्या मुलीसारख्या पोरींना ५०० तास बिनपगारी शिकणं परवडणार पण नाही. म्हणून मी म्हणतो सुरुवात अकॅडमीवाल्यांपासून करा, मान्यता कोणाला आहे त्याची यादी ऑनलाइन टाका म्हणजे फी भरायच्या आधी बघता येईल. मुलींचं परमिट नंतर आणा, आणि फी नाममात्रच ठेवा, नाहीतर ती पण एजंटच भरेल आणि पगारातून कापेल.