घर किती फुटांना पडतं?

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळात लढाई रंगात आली की कुणीतरी विचारतंच, ‘मी तिथपर्यंत पोचतो का?’ डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून मी आधी दोन गोष्टी वेगळ्या काढतो. या टर्नला पात्राकडे फूट किती आहेत, आणि नकाशावरचं पुढचं प्रत्येक घर किती फुटांना पडतं. माझ्या टेबलावरचे बहुतेक वाद या दोन्ही गोष्टी एकत्र मोजल्यामुळे झाले आहेत. हे सगळं खेळाच्या पाचव्या आवृत्तीबद्दल आहे, म्हणजे 2014च्या पुस्तकाबद्दल. 2024च्या पुस्तकात फरक आहे तिथे तसं सांगतो.

आधी फूट. माणसाचा स्पीड, म्हणजे एका टर्नची चाल, 30 फूट आणि घर 5 फुटांचं, म्हणजे 6 घरं. ड्वॉर्फचा (ठेंगण्या जमातीच्या पात्राचा) 25, म्हणजे 5; 2024च्या पुस्तकात त्याचाही 30. डॅश (वार करण्याऐवजी नुसतं धावणं) घेतला की स्पीडइतके फूट आणखी मिळतात, पण स्पीड तेवढाच राहतो. हे डोक्यात पक्कं बसवायला हवं, कारण आडवं पडलेल्या पात्राला उठायला निम्मा स्पीड लागतो. 30 स्पीडवाल्याला 15 फूट, मग डॅश घेतलेला असो वा नसो. ‘उरलेल्याच्या निम्मे’ असं बरेच जण धरतात, ते चूक. 10 फूट उरले असतील तर उठता येत नाही, सरपटावं लागतं. शत्रूने धरून ठेवलं असेल तर स्पीड शून्य. शून्याचे निम्मे शून्य, मग फुकट उठता येईल, हा युक्तिवाद हमखास येतो. नियमात स्पष्ट लिहिलंय की स्पीड शून्य असेल तर उठता येत नाही.

आता घराचा भाव. चिखल, दगडगोटे, दाट झुडपं अशा अवघड जमिनीत फुटामागे 1 फूट जास्त, म्हणजे घर 10 फुटांना पडतं. एकाच घरात चिखलही आहे आणि झुडपंही, तरी 10च. अवघड जमीन दोनदा मोजत नाहीत. सरपटणं, चढणं, पोहणं यांचा जादा फूट मात्र वेगळा धरायचा. चिखलातून सरपटलं तर घर 15 ला.

वहीत मी हे असं मांडतो: योद्धा चिखलात आडवा, स्पीड 30. उठायला 15 गेले, उरले 15. पहिलं घर 10 ला, उरले 5. पुढचं घरही 10 चं, म्हणून तो तिथेच थांबतो आणि ते 5 वाया जातात. अर्धं घर मिळत नाही. डॅश घेतला तर 60 मधून 15 गेले, 45 उरले, 4 घरं झाली आणि शेवटी पुन्हा 5 वाया.

शत्रूला धरून ओढत नेताना दोन पुस्तकांची उत्तरं वेगळी येतात. 2014 मध्ये ओढणाऱ्याचा स्पीड निम्मा होतो: 30 चे 15. चिखलात घर 10 ला, म्हणजे एकच घर. 2024 मध्ये स्पीड 30च राहतो, पण फुटामागे आणखी 1 फूट चढतो; चिखल धरून घर 15 ला, म्हणजे दोन घरं. म्हणून खेळाच्या पहिल्याच दिवशी कुठलं पुस्तक चालणार ते ठरवून टाकावं.

उडीत खरी मेख आहे. 10 फूट धावत आलं तर स्ट्रेंग्थच्या (पात्राच्या ताकदीच्या) आकड्याइतके फूट लांब उडी, जागेवरून निम्मी. उडीतला प्रत्येक फूट हालचालीतून वजा होतो. खड्डा 3 घरांचा, म्हणजे 15 फूट, आणि स्ट्रेंग्थ 16. पोचतो का? अलीकडच्या घरापासून पलीकडच्या घरापर्यंत मोजलं तर 4 घरं, म्हणजे 20 फूट होतात. मग 16 ची उडी तोकडी पडते. काठापासून काठापर्यंत 15च. कुठून मोजायचं हे नियम सांगत नाही. मी खड्डा पार होतो का हे काठापासून काठापर्यंत बघतो आणि खर्च घरांप्रमाणे लावतो. धाव 10, उडी 20, 30 संपले. पलीकडे चिखल असेल तर अ‍ॅक्रोबॅटिक्सचा डीसी 10 चेक (फासा आणि कौशल्य मिळून किमान 10 हवेत), चुकला की पात्र आडवं.

दोन स्पीड असणाऱ्यांची बेरीज करू नये. चालणं 30, उडणं 60 म्हणजे 90 नव्हे. 20 फूट चालून उडालं तर 60 मधून 20 वजा, 40 उरले.

शेवटी संधीचा वार, म्हणजे दूर जाणाऱ्यावर शत्रूला मिळणारा आयता वार. जुनी 3.5 आवृत्ती खेळलेले लोक शत्रूच्या शेजारचं घर सोडलं की वार होणार असं धरून चालतात, आणि 5 फुटांचं सुरक्षित पाऊल शोधतात. पाचव्या आवृत्तीत तसं पाऊल नाही. शत्रूच्या पल्ल्यातच फिरलं तर वार नाही. पल्ल्याबाहेर पडताना, बाहेर पडण्याच्या आधीच्या क्षणी, तो होतो. 10 फूट पल्ल्याच्या भाल्यासमोर लगतच्या घरातून एक घर मागे सरकलं तर काहीच होत नाही. दुसरं घर मागे गेलं की वार. डिसएंगेज (वार सोडून सावधपणे माघार) घेतला असेल, किंवा कुणी ढकललं असेल, तर तोही नाही.